मी-ऐकलंच्या जागी

पर्पेतुआमावशीची कुत्री ईस्टरनंतर आठच दिवसांनी गेली. वय झालं होतं. चुलीमागच्या गार राखेत अंग टाकून झोपली, ती उठलीच नाही. तिचं नाव मी-ऐकलं. अकरा वर्षं रोज दिवेलागणीला मावशी अंगणाच्या मधोमध कमरेवर हात ठेवून उभी राहायची आणि घसा ताणून ओरडायची, "मी-ऐकलं! अगं ए मी-ऐकलं!" कुत्री बहुतेक वेळा तिच्या पायाशीच असायची. हाक तिच्यासाठी नव्हतीच. छातीएवढ्या मातीच्या भिंतीपलीकडे मावशीची धाकटी जाऊ मोडेस्टा राहते, तिच्यासाठी होती.

उत्तर घानातल्या आमच्या नवरोंगोत कुत्र्यांची नावं अशीच ठेवतात. शेजाऱ्याला तोंडावर बोलता येत नाही ते कुत्र्याच्या नावात घालायचं आणि रोज बिनधास्त ओरडायचं. कुणी जाब विचारलाच, तर 'मी माझ्या कुत्र्याला बोलावत होते' म्हणून मोकळं व्हायचं. नियम एकच. हाकेला कुत्र्यानं मान वळवली पाहिजे. नाही वळवली, तर ते नाव नव्हे, उघड भांडण झालं.

मावशीनं काय ऐकलं होतं, तेही सांगते. मावशी पितो, म्हणजे ज्वारीची बिअर बनवते. ज्वारीला मोड आणायचे, वाळवायची, दळायची, मग दिवसभर मोठाल्या मडक्यांत शिजवायची. काका अंथरुणाला खिळले तेव्हा घर त्या मडक्यांवरच चाललं होतं. काका गेले तेव्हाही मावशी चुलीपाशीच होती, वीस पावलांवर. आणि मोडेस्टा पाण्याच्या पंपावर चार बायकांत म्हणाली, "नवरा मरायला टेकला, तरी ही मडक्यांपाशी." मावशीला ते फार लागलं, कारण त्यात खोटं काही नव्हतं. तिनं पिल्लू आणून त्याला नाव ठेवलं. महिन्याभरात मोडेस्टानंही पिल्लू आणलं. त्याचं नाव ऐक-मग.

मी मावशीच्या बहिणीची मुलगी. इथल्या मुलींच्या शाळेत शिकवते, नऊ वर्षं मावशीकडेच राहते. रोज संध्याकाळी अलीकडून 'मी-ऐकलं', पलीकडून 'ऐक-मग'. सुरुवातीला हसू यायचं, नंतर राग यायला लागला. दोन चांगल्या शहाण्या बायका, आणि बोलतात कोण तर कुत्र्या.

कुत्रीला आम्ही कडुनिंबाखाली पुरलं. त्या संध्याकाळी मावशी सवयीनं अंगणात आली, कमरेवर हात ठेवले, थोडा वेळ उभी राहिली आणि परत आत गेली. पलीकडूनही हाक आली नाही. मोडेस्टा तिच्या कुत्रीला नुसतं जिभेनं टकटक करून बोलावत होती.

"नाव घेत नाहीये ती," मावशी म्हणाली.

"वाईट वाटलं असेल तिला."

"वाटू दे की." मग डोळे पुसत म्हणाली, "ही लाकडं ओली दिसतायत." लाकडं चांगली खडखडीत वाळलेली होती.

दोन दिवसांनी धान्य पाखडता पाखडता तिनं मनातलं सांगितलं. तिला नवं पिल्लू हवं होतं. त्याचं नावही ठरलं होतं, पुरे-आता.

"अडुसष्ट झाली मला," ती म्हणाली. "तीही काही कोवळी राहिली नाही. हे माझ्या तोंडून सरळ निघणार नाही, मला माहितेय. कुत्र्याच्या नावानं निघेल."

"भिंतीजवळ जाऊन बोललीस तर काय जीभ झडेल?"

"तू गप गं, मास्तरीण."

पण ही गोष्ट तिनं मुलांना सांगितली नाही, आणि मुलांनी आपल्या परीनं मनावर घेतलं. कुमासीहून क्लेमेंटचा फोन आला. "आई, या वेळी गावठी नको. चांगल्या जातीचा घेऊ." मग माझ्या फोनवर फोटो यायला लागले. तो फोन अंगणात पितो प्यायला बसणाऱ्यांच्या बाकावर हातोहात फिरायचा. एका हातात तुंबा आणि दुसऱ्या हातात माझा फोन असलेल्या माणसांकडे बघून माझा जीव वरखाली व्हायचा. ज्यांनी जन्मात कुत्रा पाळला नाही, ते सगळ्यात जास्त सल्ले देत होते.

रविवारी बोल्गाहून माझी मावसबहीण बेनेडिक्टा आली. तिला पांढरा, लोकरी केसांचा, मांडीत मावणारा हवा होता.

"हा एप्रिलच्या उन्हात आपोआप शिजेल," मावशी म्हणाली. "पुढचा दाखव."

पुढचा दांडगा, राखणीचा बोअरबोल होता. ट्रॅक्टरवाल्या डोनाटसला तो फार आवडला. "मावशी, हा दारात बसला की चोर वाट बदलेल."

"गिऱ्हाइकंही बदलतील. आणि याला रोज टीझेडच्या उकडीचं अख्खं पातेलं लागेल. तू शिजवायला येणार आहेस?"

लांबुळक्या, आखूड पायांच्या कुत्र्याकडे तिनं बराच वेळ पाहिलं. "याचं पोट जमिनीला घासतंय. कुणाचं तरी अर्धवट राहिलेलं काम दिसतं." लॅब्रडॉर तिला बरा वाटला, पण तो सगळ्यांवरच प्रेम करतो असं क्लेमेंटनं सांगितल्यावर तिनं नाक मुरडलं. प्रत्येक फोटोला मात्र तिचा एक प्रश्न ठरलेला. "नाव ठेवलेला मिळतो, की बिननावाचा?" तो प्रश्न का, हे एकट्या मला कळत होतं.

अखेर क्लेमेंटनं कुणाला न विचारता निकाल लावला. त्याचा साहेब देश सोडून चालला होता, त्याचा अडीच वर्षांचा अल्सेशियन यानं मागून घेतला आणि ओळखीच्या ट्रकमधून पाठवून दिला. सोबत पिंजरा, पट्टा आणि लशींच्या कागदांची फाइल. फाइलवर ठसठशीत अक्षरांत नाव होतं, ब्रूनो.

कुत्रा देखणा होता, त्यात वाद नाही. कान उभे, पाठ काळी, नजर कलेक्टरासारखी. स्वभाव मात्र इतका गरीब, की पहिल्याच दिवशी मावशीच्या पावलावर हनुवटी टेकवून झोपला. "ऊठ, मला कामं आहेत," असं ती त्याला म्हणत राहिली आणि स्वतः तासभर हलली नाही.

दुसऱ्या दिवसापासून शिकवणी सुरू झाली. चवळीची गरम भजी हातात धरून मावशी हळूच म्हणायची, "पुरे-आता." ब्रूनो भज्याकडे बघायचा. ती पाठीमागे जाऊन म्हणायची, तर तो आभाळाकडे बघायचा. मी नुसतं पुटपुटले, "ब्रूनो," तर उडी मारून माझ्या अंगावर. तीन दिवस भजी गेली आणि मान काही वळली नाही.

"क्लेमेंटचंच डोकं," मावशी वैतागून म्हणाली. "एवढा मोठा कुत्रा पाठवला, आणि त्यात मला एक शब्द ठेवायला जागा नाही."

त्यात ब्रूनोला गिनी कोंबड्यांमागे धावायचा नाद. रोज संध्याकाळी त्या घरी परतायच्या वेळेला मावशीला अंगणात उभं राहून ओरडावंच लागायचं, "ब्रूनो! अरे ए ब्रूनो!" जुनीच वेळ, जुनीच जागा, हातही कमरेवरच. पलीकडे सामसूम. असा महिना गेला.

मग एका शनिवारी दुपारी, बाक भरलेला असताना, मोडेस्टा फाटकातून आत आली. अकरा वर्षांत तिनं या अंगणात पाऊल टाकलं नव्हतं. डोनाटसचा तुंबा ओठापाशीच थांबला. मोडेस्टा मावशीपासून चार हातांवर उभी राहिली. डोक्याचा रुमाल नीट बांधलेला.

"मी गप्पच आहे ना? माझ्या कुत्रीचंसुद्धा नाव घेत नाही. अजून किती गप्प बसू?"

मावशीला काही समजेना. "तुला कोण म्हणालं गप्प बस?"

"तू. रोज म्हणतेस. ब्रूनो म्हणजे काय, ते मला कळेना. भाच्याला विचारलं, नातीला विचारलं. शेवटी चर्चमधल्या फिदेलिस गुरुजींना विचारलं. ते म्हणाले, ब्रूनो नावाचे संत होऊन गेले, त्यांच्या मठात कुणी बोलत नाही. मग मला उमगलं."

बाकावर आधी कुणीतरी खोकलं, मग सगळेच हसत सुटले. मावशी तर उपड्या मडक्यावर बसून पोट धरून हसली. मोडेस्टाचा चेहरा पडला. तो बघून मावशीचं हसू विरलं.

"अगं, ते नाव मी नाही ठेवलं," ती म्हणाली. "ते नावासकट आलंय. मला वेगळं ठेवायचं होतं. पण याची मान वळेना."

"वेगळं म्हणजे कोणतं?"

मावशीनं माझ्याकडे पाहिलं. "तू सांग गं."

"मी नाही सांगणार," मी म्हणाले. नऊ वर्षांचा राग होता माझा. "तुला तोंड आहे."

आता कुणी हसत नव्हतं. मोडेस्टा मान हलवून फाटकाकडे वळली. दोन पावलं गेलीही. मावशीनं हातातला रिकामा तुंबा पदराला पुसला, पुन्हा पुसला, आणि मग मोठ्यानं, रोजच्या हाकेच्या सुरात म्हणाली,

"पुरे-आता!"

ब्रूनो पायाशी लोळत होता, त्यानं डोळाही उघडला नाही. मोडेस्टानं मान वळवली.

ती परत आली आणि डोनाटसनं सरकून दिलेल्या जागेत बसली. मावशीनं तिला तुंबा भरून दिला. अर्धा पिऊन झाल्यावर मोडेस्टा खाली बघत म्हणाली, "भाऊजी गेले त्या दिवशी मी त्यांच्या उशाशी होते. तासभर पंख्यानं वारा घातला. आणि ते विचारत काय होते, तर पर्पेतुआनं मडकं उतरवलं का, तिचा हात भाजेल. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मला राग आला, आणि मी पंपावर ते बोलले. बोलायला नको होतं."

हे मावशीला माहीत नव्हतं. ती उठून चुलीपाशी गेली आणि पाठमोरी बराच वेळ रडली. कुणी तिला गप्प करायला गेलं नाही.

पुढच्या महिन्यात ऐक-मग त्या वयातही व्याली, बहुतेक शेवटचीच. त्यातलं एक तांबूस, कान पडलेलं, अगदी गावठी पिल्लू मोडेस्टा स्वतः घेऊन आली. ते ब्रूनोच्या पोटाशी असं घुसलं, की तो बिचारा तासभर श्वास धरून पडला. क्लेमेंटनं फोनवर आधी जात विचारली. "आपलीच," मावशी म्हणाली. मग त्यानं नाव विचारलं.

"नाव नाही ठेवलं अजून. सुचतच नाही. सांगण्यासारखं काही उरलंच नाही."

मोडेस्टा शेजारी ज्वारी निवडत होती. तिनं वर न बघताच म्हटलं, "राहिलं असेल काही तर आत्ताच बोल. मी इथंच बसलेय."