आईची वाक्यं

आमच्या घराण्यात नट निपजेल असं कुणाला वाटलं नव्हतं. नाशिकच्या आमच्या माहेरी सगळे एक तर मास्तर, नाहीतर इंजिनिअर. ताई लग्न होऊन इंग्लंडला गेली, मी कतारमध्ये दोह्याला आले, आणि इंग्लंडमध्येच जन्मलेला ताईचा एकुलता एक मुलगा चांगले मार्क असताना नाट्यशाळेत जाऊन बसला. ताईने ती बातमी मला कुणाचं आजारपण सांगावं तशी सांगितली.

मला मात्र भाच्याचं भारी कौतुक. सुरुवातीला तो एका नाटक कंपनीबरोबर गावोगाव फिरला. मग त्याला सिनेमा मिळाला, तेव्हा तर माझे पाय जमिनीवर नव्हते. तो सिनेमा इथे लागला तशी बिन महमूद या आमच्या वस्तीतली ओळखीची सगळी मराठी कुटुंबं गोळा करून मी मॉलमधल्या थिएटरात नेली आणि दारातच पेढे वाटले. नंतर वाटायला हवे होते. डोळ्यांत तेल घालून बसलो तरी भाचा काही दिसेना, कारण त्याचं सगळं काम कापलं गेलं होतं. शेवटी एका लग्नाच्या प्रसंगात त्याची पाठ दिसली. मी ती ओळखली आणि "तो बघा, तो!" म्हणून ओरडले. शेजारच्या वहिनींनी "उंची छान आहे हो" म्हणत वेळ मारून नेली. पुढे तो टीव्हीवरच्या एका मालिकेत डॉक्टर झाला, दोन भागांत नातेवाइकांना वाईट बातम्या दिल्या, आणि तिसऱ्या भागात त्या हॉस्पिटलात दुसराच डॉक्टर आला. त्यानंतर काहीच नाही. तो कॉफीच्या दुकानात कामाला लागला.

मागच्या उन्हाळ्यात ताईने त्याला माझ्याकडे पाठवलं. सांगायला विश्रांती, पण माझ्या नवऱ्याने ओळखीच्या एका ऑफिसात त्याच्यासाठी शब्द टाकला होता आणि रविवारी, म्हणजे इथल्या आठवड्याच्या पहिल्याच दिवशी, इंटरव्ह्यू होता. नोकरी लागली की नटपणा संपला, हे आम्हा सगळ्यांना कळत होतं. "तुझं ऐकतो तो," ताई फोनवर म्हणाली. "एकदा विचार त्याला, पुरे झालं का हे म्हणून. मी विचारलं की भांडण होतं." मी हो म्हणाले. भाचाही इंटरव्ह्यूला लगेच तयार झाला. तो इतक्या मुकाट्याने तयार झाला, हेच मला आवडलं नाही.

शुक्रवारी सकाळी त्याच्या एजंटचा मेल आला. एका मोठ्या मालिकेत मुख्य भूमिका होती आणि संध्याकाळच्या आत ऑडिशन पाठवायची होती. हल्ली नट म्हणे स्वतःच फोनवर ऑडिशन रेकॉर्ड करून पाठवतात. मागे साधी भिंत हवी, आवाज नको, आणि समोरच्या पात्राची वाक्यं कॅमेऱ्यामागून कुणीतरी वाचायची. प्रसंग असा होता की मुलगा घर सोडून निघालाय आणि आई त्याला अडवतेय.

"मावशी, यू रीड द मदर," तो म्हणाला. त्याला मराठी सगळं कळतं, पण तोंडातून मराठी निघतं ते 'मावशी' आणि 'काका' एवढंच.

आमच्या घरात साधी भिंत नाही. मी पडदे दाखवले, त्यांवर फुलं. चादरी दाखवल्या, त्यांवर मोर. शेवटी हॉलमधलं घड्याळ आणि लग्नाचा फोटो उतरवला. फ्रिजचं बटण बंद केलं. मग त्याने एसी बंद केला. ऑगस्टमध्ये, दोह्यात! नवऱ्याला मी बेडरूममध्ये कोंडून खोकायचं नाही अशी तंबी दिली. आम्ही तयार होतोय तोवर जुम्म्याची अजान झाली, मग मशिदीतलं प्रवचन संपेपर्यंत थांबलो. आतून दर थोड्या वेळाने "यल्ला, उरका की!" ऐकू येत होतं.

मी आई वाचायला लागले ती हातवारे करून, गळा भरून आणून. त्याने मला हळूच सांगितलं, "मावशी, जस्ट रीड. डोन्ट क्राय." झालं, माझा नक्षा उतरला. एकेक टेक झाला की एसी लावायचा, घाम पुसायचा, पुन्हा एसी बंद. पण तो भिंतीपुढे उभा राहिला की माझा भाचा राहत नव्हता. चेहरा तोच, पण घर सोडून निघालेला कुणी दुसराच मुलगा समोर दिसायचा. पाठ बघून पेढे वाटणारी मी, त्याचं काम इतक्या जवळून पहिल्यांदाच पाहत होते.

आणि एका टेकला मी कागदावरून मान वर केली. पुढचं वाक्य इंग्रजीत लिहिलेलं होतं, पण माझ्या तोंडून निघालं, "पुरे झालं का रे तुला हे? खरं सांग."

तो थांबला नाही. मीच ती आई असावी तसा माझ्याकडे बघत म्हणाला, "नाही झालं, मावशी. मी दमतो. कोणी फोन नाही करत. पण मला हेच करायचं आहे. आईला सांगायला भीती वाटते." एवढं मराठी मी त्याच्याकडून कधी ऐकलं नव्हतं. लगेच त्याने पुढचं इंग्रजी वाक्य घेतलं आणि प्रसंग पुरा केला. मला कागदावरची माझी जागा सापडेना. मला रडू आलं होतं.

आतून नवऱ्याने विचारलं, "झालं? खलास?"

नंतर एक बिनचूक टेक घेतला आणि तो एजंटला पाठवला. बिघडलेला टेक पुसायच्या आधी मी विचारलं, "हा तुझ्या आईला पाठवू?" त्याने ग्लासभर पाणी पिऊन टाकलं. मग म्हणाला, "पाठव." मी एक अक्षरही न लिहिता पाठवून दिला. रविवारचा इंटरव्ह्यू नवऱ्याने रद्द केला, तोंड वाकडं करून, पण केला.

ताईने व्हिडिओ पाहिल्याची खूण आली, पण फोन आला नाही. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. ताईचा राग मला लहानपणापासून ठाऊक आहे, त्यामुळे मीही फोन केला नाही. भाचा परत गेला. ती भूमिका त्याला मिळाली नाही, हेही कळलं. तो पुन्हा कॉफीच्या दुकानात उभा राहिला.

मग एका दुपारी ताईचा फोन आला. माझे गुडघे कसे आहेत, इथला उकाडा कमी झाला का, सगळं विचारून झालं. मी जीव मुठीत धरून ऐकत होते.

"तुझं इंग्रजी फार वाईट आहे गं," ताई म्हणाली. "पुढच्या वेळी आई मी वाचेन."