तो काना चुकून पडला नव्हता

डॉ. मथुराबाईंची आणि माझी पहिली ओळख झाली ती माझ्या एका चुकीवरून. नवी पेठेमागच्या बायकांच्या दवाखान्यात मी नर्स म्हणून रुजू झाले, त्याला आता बावीस वर्षे होतील. माझे वडील रेल्वेत होते. आई लवकर वारली, म्हणून सहाव्या वर्षापासून मी बेळगावला कॉन्व्हेंटात वाढले. इंग्रजी मला मेमसाहेबांसारखे लिहिता येई. मराठी फक्त बोलता येई. आणि दवाखान्याचे रजिस्टर मराठीतच ठेवायचे असा कमिटीचा नियम! पहिल्याच दिवशी मी लिहिले, 'बाळंतीण बारी आहे.' मथुराबाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले.

"कसली बारी, बाई? पाण्याची की तमाशाची?"

मी रडकुंडीला आले. तेव्हा त्या हसल्या आणि म्हणाल्या, "अहो, एक काना जास्त दिलात, एवढंच. बाई बरी आहे ना? मग झालं."

त्या दिवसापासून रोज दुपारी, रोगी पाहून झाले की, त्या मला अर्धा तास पाटीवर लिहायला बसवीत. शहरातली एकुलती एक डॉक्टरीण, सकाळपासून उभी असलेली, आणि तिशीच्या नर्सला बाराखडी शिकवते आहे! मी हट्टी आणि तोंडाळ. "इतके काने-मात्रे कशाला हवेत तुमच्या भाषेला?" असे मी एकदा चिडून विचारले. "तुमच्या नाही, आपल्या," एवढेच त्या म्हणाल्या आणि पाटी पुसून माझ्यापुढे ठेवली. त्या वर्षी संक्रांतीला मी त्यांना तिळगुळाबरोबर स्वतःच्या हाताने चिठ्ठी लिहून दिली: 'डॉक्टरीणबाई, आपण खूप वर्षे जागा.' दवाखानाभर ती चिठ्ठी फिरवून त्या म्हणत होत्या, "अजून किती जागू हो? झोपू द्या की थोडं!"

अशा गमती सांगून हा लेख संपवावा, अशीच मथुराबाईंच्या साठीनिमित्त गौरवग्रंथ काढणाऱ्या सत्कार समितीची इच्छा दिसते. समितीच्या चिटणीसांनी मला पाठवलेल्या पत्रात शेवटी एक ओळ घातली आहे: 'वादग्रस्त प्रसंग टाळून बाईंच्या निष्कलंक सेवेविषयी लिहावे.' निष्कलंक! ज्या समितीने आज मथुराबाईंसाठी शाल आणि मानपत्र तयार ठेवले आहे, तिच्यातल्या निदान तिघांनी बारा वर्षांपूर्वी त्यांच्याविषयी काय काय शब्द वापरले होते, ते मी माझ्या कानांनी ऐकले आहेत. मी आता निवृत्त झाले आहे. मला कुणाची भीडमुर्वत ठेवण्याचे कारण नाही. तो प्रसंग टाळायचा असेल तर हा लेखच टाळावा लागेल.

विषय पोटातल्या जिवाचा आहे. सभ्य ग्रंथात तो येत नाही. आमच्या दवाखान्यात मात्र दर महिन्याला येई. माझे मत पहिल्यापासून पक्के होते आणि आजही तेच आहे: तो जीव देवाचा, त्याला हात लावायचा अधिकार कुणालाही नाही. मथुराबाईंचे मत काय, हे मला कितीतरी वर्षे नीट उमगलेच नाही. एका खात्यापित्या घरचे यजमान बायकोला घेऊन आले, चौथी मुलगीच होणार असे ज्योतिषाने सांगितले म्हणून. मथुराबाईंनी त्यांना अशा शब्दांत वाटेला लावले की मला वाटले, या तर माझ्याच बाजूच्या. पुढे वर्षभरातच पाच लेकरांची एक आई आली. तिचे हृदय इतके दुबळे होते की दिवस भरेपर्यंत ती जगणार नव्हती. मथुराबाईंनी सिव्हिल सर्जनचे मत घेतले, दोन रात्री विचार केला आणि मला सांगितले, "उद्या सकाळी करायचं आहे. तुम्ही नाही आलात तरी चालेल."

मी गेले नाही. ती बाई जगली. दुसऱ्या दिवशी मथुराबाई माझ्याशी नेहमीसारख्याच बोलल्या. माझ्या गैरहजेरीबद्दल एक अक्षर नाही. त्या दिवशी माझ्या हाताखालच्या शेवंता आयेने त्यांना मदत केली होती. ही शेवंता दक्षिणेकडच्या धनगरवाडीतली. मी तिला म्हटले, "तुला पाप नाही वाटलं?" ती म्हणाली, "मला काय कळतंय बाई? पर आमच्यात मेंढी गाभडली, पोटातलं पडलं, तर तिला सावलीला बांदतेत, पानी पाजतेत. का गाभडलीस म्हनून कुनी इचारत न्हाय."

मी तिला गप्प बसवले. माणसांची तुलना मेंढ्यांशी करू नकोस म्हणाले. शेवंताचे ते बोलणे पुढे मला किती वेळा आठवले, ते सांगत नाही.

आता तो प्रसंग. उन्हाळ्याचे दिवस होते. मथुराबाई मैंदर्गीला एका अडलेल्या बाळंतिणीसाठी गेल्या होत्या. मी तोवर मेट्रन झाले होते. दवाखाना माझ्या स्वाधीन होता. सकाळी गिरणीचा भोंगा होऊन गेल्यावर विणकरांच्या वस्तीतली एक तेलुगू बाई आपल्या मुलीला घेऊन दाराशी आली. मुलगी एकोणीस-वीस वर्षांची, विधवा, सासरी मागासाठी सुताच्या कांड्या भरण्याचे काम करणारी. तिला मी इथे नरसव्वा म्हणते; ते तिचे नाव नव्हे. तिसरा महिना होता. कुणाचा, ते मी विचारले; मुलीने सांगितले नाही.

"बाईसाब, काय तर करा की," आई म्हणाली. "दिराला कळलं तर मारून टाकतील पोरीला."

मी दारातच उभी होते. मी म्हणाले, "इथे जीव वाचवतात, घेत नाहीत. ज्या देवाने दिला त्याला विचारून यायचं होतं आधी." आणखीही बरेच बोलले. माझी जीभ सर्वांना ठाऊक आहे.  दवाखान्याच्या पायरीवर मुलीने एक पाय ठेवला होता, तो काढून घेतला. मी दार लावून घेतले आणि प्रार्थना केली. माझ्या मनाला अगदी शांत वाटले, हेही लिहून ठेवते.

चौथ्या दिवशी वस्तीतल्या लोकांनी तिला चादरीच्या झोळीतून आणले. कुठल्याशा बाईने कसलीशी काडी घातली होती. अंग भट्टीसारखे तापले होते. मथुराबाई त्याच सकाळी मैंदर्गीहून परतल्या होत्या. धुळीचे लुगडेही न बदलता त्या तिच्यापाशी बसल्या. तासाभराने हात धुता धुता त्यांनी मला सांगितले, "रजिस्टरात घ्या. तिसरा महिना, गर्भ पडला, ताप."

"पडला?" मी म्हटले. "पाडलाय तो."

"पडलं ते पडलं. कुणी पाडलं ते शोधायचं काम आपलं नाही. आपलं काम ताप उतरवायचं."

मी टेबलापाशी गेले आणि लिहिले: 'गर्भ पाडला.' ज्या बाईने मला काना कुठे द्यायचा आणि कुठे नाही हे पाटीवर शिकवले, तिने सांगितलेल्या शब्दात मी एक काना घातला. खोटे लिहायचे नाही, अशी कॉन्व्हेंटातल्या सिस्टरांची शिकवण होती. मी खरे लिहीत होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी दिराच्या तक्रारीवरून पोलीस जमादार आला. मथुराबाई आत एका बाळंतिणीपाशी होत्या. जमादाराने रजिस्टर मागितले, मी दिले. त्याने ओळीवर बोट ठेवून मोठ्याने वाचले आणि सरळ नरसव्वाच्या खाटेपाशी जाऊन उभा राहिला.

"कुणाकडं गेली होतीस? कुणी नेलं तुला? आईनं का?"

नरसव्वाने आईकडे पाहिलेसुद्धा नाही. पाहिले असते तर तेच उत्तर झाले असते. तिने भिंतीकडे तोंड फिरवले. आवाज ऐकून मथुराबाई बाहेर आल्या आणि जमादाराला घालवून दिले; पण तो जाताना "उद्या येतो" म्हणून गेला. संध्याकाळी नरसव्वाने शेवंताला एकच गोष्ट विचारली: "अम्माला नेतील का?"

"न्हाय गं पोरी, कोन नेतंय?" शेवंता म्हणाली. पण तिलाही खोटे बोलता येत नसे.

सकाळी शेवंता पाणी आणायला गेली तेवढ्यात ती मुलगी खाटेवरून उठली. आपणच इथे नसलो तर आईला कोणी विचारणार नाही, असे त्या तापलेल्या डोक्यात आले असावे. दारापर्यंत गेली, आणि ज्या पायरीवरून मी तिला परत पाठवले होते त्याच पायरीवर कोसळली. दुपार व्हायच्या आत ती गेली. शेवटपर्यंत मथुराबाईंचा हात तिच्या कपाळावर होता. माझा नव्हता. मी औषधांच्या कपाटापाशी उभी होते.

आठवड्याने दवाखान्याच्या कचेरीत चौकशी झाली. फौजदार, कमिटीचे चार सभासद, आणि कोपऱ्यात जमिनीवर नरसव्वाची आई. तिच्याविरुद्ध पुरावा म्हणजे दिराचा संशय आणि माझी ती ओळ. मथुराबाईंनी ते रजिस्टर उघडले, कपाटातून जुनी रजिस्टरेही काढली आणि मागची पाने उलटू लागल्या. "हे पाहा. 'बाळंतीण बारी आहे.' हे 'मुल झल', याला एकही काना नाही. इथे 'नळ'च्या जागी 'नाळ', तिथे 'नाळ'च्या जागी 'नळ'. आमच्या मेट्रनबाई कॉन्व्हेंटात शिकल्या आहेत. कान्यामात्रेत त्या चुकतात. हे मी आज म्हणत नाही, पानंच सांगताहेत."

यातला एकही शब्द खोटा नव्हता. ती ओळ चुकीची आहे असे त्या म्हणाल्याच नाहीत.

सगळे हसले. फौजदार मला म्हणाले, "काय मेट्रनबाई, पंतोजी ठेवू काय तुम्हाला? सांगा, हा काना चुकून पडला ना?"

नरसव्वाची आई माझ्याकडे पाहत होती. मी म्हणाले, "होय."

माझ्या आयुष्यात मी शपथेवर बोललेले एवढेच खोटे. कागद मिटले. आई सुटली. पण कमिटीतले लोक मथुराबाईंना सुटू देणारे नव्हते. "डॉक्टरीणबाई पापं झाकतात," असे एकाने माझ्यासमोर म्हटले. "आणखी काय काय करत असतील कोण जाणे," दुसऱ्याने. वर्षभर चांगल्या घरच्या बायका दवाखान्यात येईनाशा झाल्या. मथुराबाईंच्या दारावरच्या पाटीला कुणी तरी शेण फासले. ते त्यांनी स्वतः धुतले. मला वाटे, आता त्या माझ्याकडे बोट दाखवतील. त्यांनी ते कधीही केले नाही.

मलाच राहवले नाही. एका संध्याकाळी पायरीवर त्या एकट्याच बसल्या होत्या. मी म्हटले, "बाई, तो काना मी चुकून दिला नव्हता."

"ठाऊक आहे. बारा महिने पाटीवर शिकवलंय तुम्हाला."

"मग मला घालवत का नाही?"

 त्या म्हणाल्या, "मेट्रनबाई, तुम्ही त्या पोरीला 'नाही' म्हणालात, त्याचा मला राग नाही. मी असते तर कदाचित मीही नाहीच म्हटलं असतं. मला अजून ठरवता आलेलं नाही. पण 'नाही' म्हणून झाल्यावर मी तिला 'बस' म्हटलं असतं. मागच्या खोलीत सहा महिने ठेवली असती. काहीतरी केलं असतं. तुम्ही दार लावलंत."

बावीस वर्षांत त्यांनी मला दिलेला हा एकच कठोर शब्द. 'दार लावलंत.'

दुसऱ्या दिवशी त्यांनी दवाखान्याच्या दाराच्या आत एक बाक आणून ठेवले आणि नियम केला. कोणीही बाई आली, कोणत्याही कामासाठी आली, तरी पहिला शब्द 'बसा', मग पाणी, मग विचारपूस. हो की नाही ते नंतर. त्या बाकावर बसलेल्या किती जणी मागच्या खोलीत राहिल्या, त्यांची मुले पुढे कुठे वाढली, हे सांगायचा अधिकार मला नाही. मथुराबाईंनी काहींना हो म्हटले असेल, पुष्कळांना नाही म्हटले. त्या प्रत्येकीसाठी त्यांना नव्याने विचार करताना मी पाहिले आहे. माझ्यासारखे ठरलेले उत्तर त्यांच्याजवळ कधीच नव्हते. त्याचा त्यांना त्रास होई, जेवण जात नसे. ठरलेले उत्तर असले की माणूस सुखाने जेवतो. मी जेवत असे.

मला 'बसा' म्हणायला शिकावे लागले. बाराखडीपेक्षा अवघड गेले. मत माझे बदललेले नाही, हे पुन्हा सांगते. पण तेच मत घेऊन दार लावून बसलेली माणसे पाहिली की आता माझा संताप होतो, आणि त्यांत पहिली मी स्वतः दिसते. ज्या सभासदांनी बारा वर्षांपूर्वी मथुराबाईंना 'पापं झाकणारी' म्हटले, त्यांनी सत्काराच्या दिवशी शाल घालताना एवढे लक्षात ठेवावे की जे पाप बाईंनी झाकले ते माझे होते. त्या मुलीने केलेल्या कशालाही मी पाप म्हणायला धजत नाही. तो हिशेब तिच्या देवाकडे, आणि तो माझ्यासारखा नसावा अशी माझी प्रार्थना आहे.

हे सगळे मी इतकी वर्षे का लिहिले नाही? नरसव्वाची आई होती म्हणून. गेल्या चैत्रात ती वारली. आता अम्माला कोणी नेऊ शकत नाही. मथुराबाईंची परवानगी मी घेतलेली नाही. घेतली असती तर मिळाली नसती. सत्कार समितीला हा लेख छापायचा नसेल तर तसे कळवावे. पण 'निष्कलंक' हा शब्द तरी मग छापू नये. ज्यांनी दुसऱ्याचा डाग स्वतःच्या पदरावर घेतला, त्यांना तो शब्द पुरत नाही.

मथुराबाईंना साठ वर्षे झाली. गुडघे दुखतात, पण सकाळी त्या अजून दारापर्यंत येतात आणि बाकावर कोण आहे ते आधी पाहतात. त्यांची दृष्टी शाबूत राहो, पाय चालते राहोत, आणि त्या बाकावर बसायला जी कोणी येईल तिला त्यांचा आवाज ऐकू येवो, एवढेच मी मागते. संक्रांतीची ती चिठ्ठी त्यांनी जपून ठेवली आहे असे कळते. ती आज मी दुरुस्त करते.

डॉक्टरीणबाई, आपण खूप वर्षे जगा. 'जगा'तल्या पहिल्या अक्षराला काना दिलेला नाही. मुद्दाम.