हवेत लिहिणारी पद्मजा

गेल्या वर्षी आयर्लंडातल्या आमच्या डून लेरी गावात बातमी उठली की, समोरच्या पद्मजाने स्टेशनवर एका पोराचा मुडदा पाडला. इथल्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर सकाळी एक मुडदा होता, जेवणापर्यंत दोन झाले, आणि चहाच्या वेळेला तिला जपानी तलवार चालवता येते असंही कळलं. मी तिच्या दारासमोर राहते, त्यामुळे खरं काय ते माझ्याकडूनच यायला हवं. मेलं कुणीच नाही आणि तलवारही नव्हती. एक जबडा तुटला, तो दगडाने. बोटं मोडली, ती पद्मजाची, उजव्या हाताची.

पद्मजा पुण्याची. तिथे काही घरांत मुलांना तबला लावतात, काही घरांत जपानी. हिला जपानी लावलं आणि ते काही सुटलं नाही. नवरा शिरीष सॉफ्टवेअरवाला, त्याच्या नोकरीबरोबर ती इकडे आली आणि दर शनिवारी डार्टने, म्हणजे इथल्या लोकलने, दोन स्टेशनं जाऊन एका हॉलमध्ये आयरिश लोकांना जपानी शिकवायला लागली.

शिकवायची तऱ्हा तिच्या पुण्याच्या बाईंची. नवीन चित्राक्षर आलं की वही बंद. हात खांद्यापासून उचलायचा, अक्षर हवेत मोठं काढायचं, आणि ते अक्षर ज्या ज्या शब्दांत येतं ते सगळे शब्द तोंडाने म्हणत राहायचे. ही खोड तिला इतकी जडली की दुकानाच्या रांगेतही हात चालू. माझ्याकडच्या हळदीकुंकवाला मला वाटलं, बाई माझ्या पोह्यांवरची माशी हाकलतेय. मी तसं बोललेही. फार हसली नाही.

त्या शनिवारचं अक्षर होतं मारण्याचं. डावीकडे हात, उजवीकडे खिळा, म्हणजे ठोकणे, हाणणे. पण त्याच अक्षरातून कामाची बैठक निघते, अंगणात पाणी शिंपडणं निघतं, दारूकाम आभाळात सोडणं निघतं, आणि मनात दाबून ठेवलेलं कुणाला तरी सांगून टाकणंही. शिरीष म्हणाला, "मग आपलंही तेच की. आपण हाक मारतो, गप्पा मारतो, मिठीसुद्धा मारतो." या घरात एवढा विनोद पुरतो.

भर दुपारी पद्मजा फलाटावर उभी राहून हा पाठ घोकत होती. बैठक झाली होती, पाणी शिंपडणं चालू होतं. समोर तीन पोरं. हुडी घातलेल्या एकाला वाटलं, ही बाई आपल्याकडे बोट नाचवून काहीतरी पुटपुटतेय. शाप देतेय की चेष्टा करतेय, देव जाणे.

"काय म्हणालीस मला?" तो अंगावर आला.

"तुला नाही. मी लिहितेय."

"कशावर?"

खरं उत्तर होतं, हवेवर. तिने ते दिलं. पुण्याची माणसं अशा वेळीही खरं उत्तर देतात.

पहिली थप्पड कानावर बसली. दुसऱ्याने वेणी धरून खाली पाडलं, तिसऱ्याने कमरेत लाथ घातली. "जा तुझ्या देशात," हे मध्ये मध्ये चालूच. ती उठायला हात टेकते तोच हुडीवाल्याने त्या हातावर बूट ठेवला आणि टाच फिरवली. ओली काडी मोडल्यासारखा आवाज आला, असं ती सांगते. डाव्या हाताशी कापडी पिशवी होती आणि पिशवीत शाई घोटायचा दगड, चांगला वरवंट्याच्या वजनाचा. बसल्या जागेवरून तिने पिशवी फिरवली. ती हुडीवाल्याच्या जबड्यावर बसली. पिवळ्या रेषेवर दात पडले, रक्ताचा सडा पडला, बाकीचे दोघे पळाले.

इथवर सगळ्यांना ठाऊक आहे. पुढचं तिने मला पंधरवड्याने माझ्या सोफ्यावर सांगितलं. चहा तसाच निवत होता.

"तो पडला होता, वृंदाताई. तोंड धरून रडत होता. तरी मी पुन्हा मारलं, खांद्यावर. तिसरा डोक्यात घालणार होते. कुत्रं फिरवणाऱ्या एका बाईने माझा हात धरला."

"बरं झालं मारलंस," मी म्हटलं.

"बरं नाही वाटत. छान वाटलं होतं. त्याचंच वाईट वाटतं."

मी गप्प बसले. माझ्या ओळखीच्यांना विचारा, हे किती वेळा घडलंय. हे लिहू का विचारलं तर म्हणाली, "लिहा. नाहीतरी सांगणारच आहात."

जबडा बांधायला हॉस्पिटलात गेला तिथेच तो पोरगा गार्डांच्या, म्हणजे इथल्या पोलिसांच्या, हाती लागला. पण पद्मजा घरात बसली. दार आपटलं तरी कप हातातून सुटायचा. शिरीष म्हणाला, "क्लास बंद. आपल्याला काही कमी नाही." ग्रुपवर सल्ले आले: बाहेर हळू बोला, हात खिशात ठेवा. समोरच्या खिडकीतून मला ती दिसायची. प्लास्टरातला हात मांडीवर, आणि चांगला हातही तसाच शेजारी पडलेला. न हलणारा हात मी तिच्याकडे पहिल्यांदाच बघत होते. वाटलं, पोरांनी ही बाई संपवली.

मग एका शनिवारी ती निघाली. खांद्याला तीच पिशवी, दगडासकट. मला अचानक स्टेशनकडे दूध आणायचं आठवलं. घरात दोन लिटर होतं.

ती त्याच जागी जाऊन उभी राहिली. पलीकडे दोन हुडीवाले होते. ती पोरं नव्हेत, पण हुडी तीच. पद्मजाची मान घामाने चमकत होती. मग डावा हात खांद्यापासून वर उठला आणि हवेत पाणी शिंपडायला लागला. पोरांनी वळून पाहिलं. मी धावत जाऊन तिची बाही ओढली.

"अगं बाई, बघतायत ते! घाल ना तो हात खिशात!"

तिने हात खाली घेतला नाही.

"वृंदाताई, तुम्ही आधी तोंड खिशात घालून दाखवा, मग मी हात घालते."