पडेपर्यंत न थांबणारी रेफरी

आज दुपारी तीन वाजता मी लक्ष्मीअक्काच्या प्रेतासाठी बर्फाच्या लाद्या आणत होतो.

ती सकाळी गेली. तिचा भाऊ भिवंडीहून निघालाय, पोचायला रात्र होईल. आणि सोलापुरात हे असं ऊन.

बर्फाच्या कारखान्यातल्या माणसाने विचारलं, "लग्नाची ऑर्डर का बे?"

मी लाद्या पोत्यात गुंडाळल्या आणि रिक्षात ठेवल्या.

अक्काने जिवंतपणी बर्फावर एकदाही पाय ठेवला नाही.

आणि ती आइस हॉकीची रेफरी होती.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी लिहितो. इथे बर्फ नाही म्हणून आम्ही काँक्रीटच्या रिंकवर चाकांचे स्केट्स घालून खेळतो. अक्का दिवसा कारखान्यात युनिफॉर्म शिवायची आणि संध्याकाळी आम्हाला शिकवायची. मी नववीत शाळा सोडली, पण अक्काचा क्लास कधी चुकवला नाही. मी गोलकीपर.

तेव्हा या खेळाचे दोन राष्ट्रीय महासंघ होते. दोघंही म्हणायचे, आम्हीच खरे. आम्ही ज्याच्यात होतो तो पुढे बंदच पडला.

त्याचे निरीक्षक निवड चाचणीसाठी दिल्लीहून सोलापूरला आले. त्यांच्या बॅगेत अक्काचं नॅशनल रेफरीचं कार्ड होतं. ते मिळालं की ती लडाखला जाणार होती, खऱ्या बर्फावर मॅच घ्यायला. लोकरीचे मोजेसुद्धा घेऊन ठेवले होते तिने.

सकाळीच त्या निरीक्षक साहेबांनी तिला बजावलं. मारामारी झाली तर दोघांपैकी एक जण पडेपर्यंत रेफरीने मध्ये जायचं नाही. महासंघाचा नियम.

पहिल्याच मॅचला बाहेरगावच्या संघातला एक आडदांड फॉरवर्ड, त्याला सगळे ट्रॅक्टर म्हणायचे, पकची चकती सोडून माझ्यावर आला. गळ्यावर स्टिक हाणली. मी त्याच्या पोटात एक गुद्दा घातला.

तेवढंच मला जमलं.

त्याने माझं हेल्मेट उपटलं. जर्सी मागून ओढून माझ्याच डोक्यावर घेतली. आत अंधार. बुक्क्या कुठून येतायत ते कळेना. दाताचा तुकडा जिभेवर आला. मग माझे पाय जमिनीवरून सुटले. तो मला उचलून डोकं खाली करून आपटणार होता.

त्याने आपटलं.

खाली काँक्रीट लागलं नाही. अक्का लागली.

तिचं मनगट मोडल्याचा आवाज मी जर्सीच्या आत ऐकला. मध्ये शिरताना त्याचं कोपर तिच्या जबड्यावर बसलं होतं. ती उठली, रक्त थुंकली आणि तिने शिट्टी वाजवली.

"ए ट्रॅक्टर, मॅचच्या बाहेर हो. आणि तू पण, दोन मिनिटं बस जा."

"अक्का, मी काय केलो?"

"तू पण मारलास की बे. आंधळी हाय व्हय मी?"

साहेब धावत आले. "मॅडम, रूल क्या है? गिरने तक रुकना था."

"सर, तितं खाली बर्फ हाय. हितं काँक्रीट हाय. पडल्यावर मी काय उचलू, फुटलेलं डोकं?"

साहेबांनी कार्ड काढून तिला दाखवलं. "शाम को फायनल है. लास्ट चान्स."

संध्याकाळी पुन्हा तेच दोन संघ. अक्का हात ओढणीने गळ्यात बांधून उभी होती.

आमच्या पोरांनी आधीच ठरवलं होतं. शिट्टी झाली आणि चौघांनी ट्रॅक्टरला कठड्याशी गाठलं. स्टिकांनी गुडघ्यावर हाणलं. हेल्मेट निघालं, भुवई फाटली. आमचा कॅप्टन नाग्या त्याचे केस धरून डोकं लोखंडी खांबावर आपटायला लागला.

आमचा बेंच ओरडत होता, "अक्कासाठी घे बे त्याला!"

ट्रॅक्टर अजून पडला नव्हता.

साहेब कार्ड हातात धरून अक्काकडे बघत होते. तिनेही एकदा त्यांच्याकडे बघितलं.

मग ती गेली.

चांगल्या हाताने नाग्याला मागे खेचलं. कुणाची तरी स्टिक तिच्या मोडक्या मनगटावर बसली. ती किंचाळली, पण तिथून हलली नाही. ट्रॅक्टरचं रक्ताळलेलं डोकं पोटाशी धरून उभी राहिली.

"सोड अक्का! यानंच मारलंय तुला!"

"मला म्हाईत न्हाय व्हय कुणी मारलं? स्टिका खाली टाका बे भाड्यांनो!"

टाकल्या.

साहेबांनी कार्ड बॅगेत ठेवलं, चेन लावली आणि स्टेशनला निघून गेले.

पुढे कधी विषय निघाला तर अक्का हसून सोडून द्यायची नाही. सरळ म्हणायची, "बर्फ बघायचा राहिला की रे. लई वाईट वाटतंय."

आणि दुसऱ्या दिवशी रिंकवर दोन पोरं भिडली की वाकड्या मनगटाने पुन्हा मध्ये.

भाऊ आता टेंभुर्णीपर्यंत आलाय. अंत्ययात्रा उद्या सकाळी आठला, तिच्या घरून. ट्रॅक्टरला मीच फोन केला. तोही येतोय, खांदा देणार म्हणाला.

अक्का, माझं डोकं शाबूत आहे. त्याचंही.

शेवटचा नमस्कार.