सारसाची नीतिमत्ता

सडक अर्जुनीजवळच्या एका कॉलेजात मी तत्त्वज्ञान शिकवतो. दुसरीकडे जागा न मिळालेली मुलं हा विषय घेतात आणि तो शिकवणारा माणूस निवडणुकीच्या ड्युटीला पाठवायला मोकळा असतो, असं आमच्या प्राचार्यांचं मत. हे मत त्यांनी स्टाफरूममध्ये चारचौघांत बोलूनही दाखवलं होतं.

प्राणिशास्त्राच्या मॅडम आणि मी सारसांवर काम सुरू केलं, ते एका भांडणामुळे. जवळच्या गावात दोन भावांच्या धानाच्या बांधीत, म्हणजे बांध घातलेल्या शेतात, सारसाच्या जोडीनं घरटं केलं होतं. थोरल्या भावानं तेवढा तुकडा कापायचा सोडला. धाकटा चिडला. जमीन सामाईक, मग ती पाखराला सोडायचा हक्क ह्या एकट्याला कोणी दिला, असं त्याचं म्हणणं. मॅडम घरट्यावर लक्ष ठेवत, मी दोघा भावांचं ऐकून घेई. हक्क आणि कर्तव्य मी वर्षानुवर्षं फळ्यावर शिकवत होतो. त्यावरून माणसं खरोखर भांडताना पहिल्यांदाच पाहत होतो.

प्राचार्यांना कळलं तेव्हा ते म्हणाले, "फिलॉसफीवाल्याले पाखरायशी काय करनं आहे? तुमी आत्म्याचं पाहा."

पुढे नवं शैक्षणिक धोरण आलं, त्यासोबत 'आंतरविद्याशाखीय' हा शब्द आला. प्राचार्यांना तो एका दमात म्हणता येत नसे, पण तपासणी समितीला तो हवा असतो एवढं त्यांना कळलं होतं. त्यांनी आमचा शोधनिबंध मागून घेतला आणि समितीसमोर स्वतःच सादर केला. आम्ही दोघं मागे, चहापाण्याच्या व्यवस्थेत.

सारसाला नैतिक दर्जा आहे असं तुम्ही कशावरून म्हणता, असं समितीच्या अध्यक्षांनी विचारलं. प्रश्न चांगला होता. पाखराचा माणसावर काही हक्क असतो का, आमचा अर्धा निबंध त्यावरच होता.

प्राचार्य क्षणभरही अडखळले नाहीत. "सर, सारस एकपत्नी असतो. त्याच्याएवढा नैतिक पक्षी जगात नाही."

आता अध्यक्ष हसतील, असं मला वाटलं. ते हसले नाहीत. त्यांनी मान डोलावली आणि ते वाक्य लिहून घेतलं. प्राचार्यांच्या अडाणीपणाची मला सवय होती. पण त्या विद्वानाची मात्र शिसारी आली.

कॉलेजला वरची श्रेणी मिळाली, प्राचार्यांचा सत्कार झाला. मला संशोधन केंद्राचं प्रमुखपद देऊ केलं. केंद्र म्हणजे मोडक्या बाकांची खोली आणि दारावर पक्ष्याचा मोठा फोटो. मॅडम तो पाहून शांतपणे म्हणाल्या, "सर, हा सारस नाही, करकोचा आहे." प्राचार्यांना सांगायचं का, मी विचारलं. मॅडम मूळच्या चिचगडच्या. कॉलेजात कधी बोलत नाहीत ती बोली त्या बोलल्या.

"कायले? समितीले तरी कुठं ओळखू आला."

मी पद नाकारलं. इतिहासाच्या सरांनी ते आनंदानं घेतलं. आमचा निबंध पुढे आमच्या दोघांच्या नावानं बाहेर छापून आला. कॉलेजात कुणी वाचला नाही.

यंदा भावांच्या वाटण्या झाल्या. ती बांधी धाकट्याकडे गेली आणि त्यानं पहिल्याच हंगामात घरट्याच्या तुकड्यासकट सगळी कापून घेतली. आम्ही जाब विचारायला गेलो. त्यानं आम्हाला बसवलं आणि आपलं कारण तोंडावर सांगितलं: बांधी आता त्याची एकट्याची, मग ती कापायचा हक्कही त्याचाच. मला ते पटलं नाही. दुपारभर आम्ही वाद घातला. इतक्या वर्षांत कॉलेजात असा एकही वाद झालेला मला आठवत नाही.