लेकीच्या सायकलसाठी हवेचं मशीन

लेक अकरावीला कुरुंद्याच्या कॉलेजात जायला लागली तेव्हा मला वाटलं, सायकल आहे म्हणजे सगळं झालं. आमच्या गावाहून कॅनॉलच्या कडेने जाणारा रस्ता जवळचा, पण दोन्ही अंगांनी वेडी बाभूळ माजलेली. तिचा काटा चपलेतून आरपार येतो, तिथे सायकलच्या टायरची काय कथा. तरी सकाळी ती निघाली की मी निवांत अंगणवाडीत जायचे. गावातली लेकरं सांभाळताना माझ्या स्वतःच्या लेकराचा घोर मला नव्हता.

थंडीच्या दिवसांत एका संध्याकाळी ती वेळेवर आली नाही. अंधारून आलं, गुरं घरी आली, शेजारची चूल पेटली, तरी हिचा पत्ता नाही. माझा जीव टांगणीला लागला. आमचे मालक, म्हणजे लेकीचे पप्पा, गाडी काढून निघणार तेवढ्यात ती सायकल हातात धरून आली. मागचं चाक बसलेलं. धापा टाकत होती, तोंड उतरलेलं. पाणी दिलं तर तांब्या तोंडाला लावायच्या आधीच म्हणाली, "पंक्चर झाली." त्यापुढे काही नाही.

मालक तसे तापट नाहीत, पण घाबरले की त्यांचा आवाज चढतो. "पुन्हा असा उशीर झाला तर कॉलेज बंद," ते म्हणाले. "बारावीचा फॉर्म बाहेरून भरता येते. घरी बसून अभ्यास कर." तिने मान खाली घातली. मी मध्ये पडले. म्हटलं, पंक्चर झाली म्हणून कोणी शिक्षण सोडत असतं का? बरं, हवेचीच अडचण असेल तर हवा सोबत देऊ की. छोटे पंप मिळतात आता, पिशवीत मावणारे. काटा टायरमध्येच राहू दिला आणि हवा भरली तर घरापर्यंत सायकल येते, हे मला माझ्या माहेरच्या सायकलमुळे ठाऊक होतं.

झालं, मालकांना काम मिळालं. मोबाईलवर हवा भरायच्या पंपांचे व्हिडिओ बघायला त्यांनी सुरुवात केली ती थांबेचना. कापूस विकताना इतका विचार केला नसेल तेवढा या पंपाचा केला. एक हाताने मारायचा, सायकलच्या दांडीला अडकवायचा. तो स्वस्त आणि टिकाऊ, पण दमलेल्या पोरीने किती हापसायचं? एक पायाचा, तो दप्तरात मावेना. एकात गॅसची बारकी नळी, एकदा फोडली की संपली. "हे तर सोड्याच्या बाटलीवानी झालं," असं म्हणून त्यांनी तो बाद केला. शेवटी बॅटरीवर चालणारं मशीन त्यांच्या मनात भरलं. मोबाईलसारखं चार्ज करायचं, नळी लावायची, बटण दाबायचं. किती हवा भरली ते काचेवर दिसतं, भरली की आपोआप बंद होतं, वर टॉर्चही आहे. साध्या सायकलचा हवेचा वॉल मोटरसायकलपेक्षा वेगळा असतो, म्हणून नळी त्याला जोडायला लागणारी टोपी सोबत येते की नाही हेसुद्धा त्यांनी तीनतीनदा वाचून पाहिलं.

लेक तिथेच भाकरी खात होती. या सगळ्यात तिने दोनच गोष्टी विचारल्या. "हवा भरायला टाइम किती लागते?" आणि "आवाज येते का?"

"चार-पाच मिनिटं," मालक म्हणाले. "आवाज येते जरा. येऊ दे की, आपल्याला काय चोरी करायची हाय का?"

आम्ही दोघं हसलो. पोरगी आता वस्तू पारखून घ्यायला शिकली, असं वाटून मला बरंसुद्धा वाटलं. ती हसली नाही, हे मला आता आठवतं.

मशीन आलं. मालकांनी आधी स्वतःच्या मोटरसायकलवर लावून पाहिलं, मग तिच्या सायकलवर. भुर्रर्र आवाज झाला तशी गल्लीतली माणसं गोळा झाली. त्या दिवसापासून आमचं अंगण म्हणजे हवा भरायचं ठिकाण झालं. आमच्याकडे पाण्याला आणि हवेला कोणी नाही म्हणत नाही. रस्त्याने जाणारा अनोळखी माणूस असला तरी त्याला तांब्याभर पाणी देतात, मग गावातल्या माणसाच्या चाकाला हवा का नाही द्यायची? कोणाची मोटरसायकल, कोणाची हातगाडी, एकाने तर फवारणी पंपाच्या गाड्याचं चाक आणलं. सकाळी तिच्या दप्तरात चार्ज केलेलं मशीन गेलं पाहिजे एवढंच मी बघायचे. येणाऱ्याला बसा म्हणायचं आणि चहा टाकायचा, हे तर हाडीमाशी मुरलेलं. मागच्या गल्लीतला एक पोरगा दोनदा येऊन गेला. चांगला बावीस-तेवीस वर्षांचा, नवी गाडी, बोलायला गोड. "काकू, चहा लई भारी," म्हणाला. लेक त्या वेळी आत निघून गेली. मला वाटलं, अभ्यास असेल.

हळद शिजवून अंगणात वाळत घातली होती, त्या दिवसांत दुसऱ्यांदा पंक्चर झाली. पण या वेळी ती उशिरा आली नाही. रोजच्यापेक्षा थोडी लवकरच आली, आणि सायकलवर बसून आली. आवाज ऐकून मी बाहेर आले, नुसता खडखडाट. मागचा टायर फाटून बाजूला लोंबत होता, ट्यूबच्या चिंध्या झाल्या होत्या आणि लोखंडी रिंग दगडांवर आपटून पार वाकली होती. कॅनॉलपासून घरापर्यंत ती बसलेल्या चाकावरच सायकल हाणत आली होती.

मालकांचं पित्त खवळलं. "मशीन दप्तरात व्हती ना? चार्ज व्हती ना?" त्यांनी दप्तरातून काढून बटण दाबलं, मशीन व्यवस्थित भुरभुरलं. "मग भरली काहून न्हाई हवा? चाकाची वाट लावली! बस झालं आता, कॉलेज बंद म्हंजे बंद." सायकल त्यांनी भिंतीला टेकवली आणि ते शेतात निघून गेले.

मी तिला मागच्या खोलीत नेलं. आधी मीही रागावूनच विचारलं. तिने आधी दार लोटून घेतलं. मग म्हणाली, "आई, हवा भरायला उतरावं लागते."

मला काही उमगलं नाही.

"उतरून चार-पाच मिनिटं उभं राहावं लागते तिथं. मशीनचा आवाज लांबवर जाते. तो कॅनॉलच्या पुलाजवळच थांबलेला असते रोज."

"कोण?"

तिने सांगितलं. तोच, मागच्या गल्लीतला, चहाची तारीफ करणारा. पहिल्या वेळी पंक्चर झाली तेव्हा तो गाडी हळूहळू चालवत तिच्या बाजूने आला होता. चल बस, मी हवा भरून देतो, म्हणत होता. तिने नाही म्हटलं तर हँडल धरलं. समोरून उसाचा ट्रॅक्टर आला म्हणून सोडलं. "आणि आपल्याच मशीनीनं हवा भरून गेला तो," ती म्हणाली. "तू चहा दिला त्याला."

आम्ही तिच्यासाठी टॉर्च बघितली, बॅटरी बघितली, टोपी बघितली. तिला त्या रस्त्यावर थांबायचंच नव्हतं, आणि आम्ही तिला थांबून वापरायची वस्तू घेऊन दिली होती.

"पप्पाला सांगू नको," ती म्हणाली आणि रडायला लागली. "आधीच बंद म्हणून राहिले. हे कळलं तर मामाकडं पाठवतील."

तिचं खोटं नव्हतं. मालक वाईट नाहीत, पण ते काय करतील हे मलाही दिसत होतं. सांगावं तर कॉलेज गेलं, न सांगावं तर तो पुलाजवळ आहेच. दोन दिवस मी मूग गिळून होते. सायकल भिंतीला तशीच टेकलेली आणि लेक घरात बसून पुस्तकाचं एकच पान उघडून बघत असायची.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी आणि शेजारच्या दोघी जणी अंगणात हळद निवडत होतो. मालक दारात दाढी करत होते. तेवढ्यात तो गाडी घेऊन आला. "काकू, हवा कमी झाली जरा," म्हणाला, तसाच गोड. मालकांनी अर्धवटच तोंड पुसलं, उठून मशीन आणलं आणि त्याच्या चाकाला नळी लावायला खाली बसले.

"त्याला हवा देऊ नका," मी म्हणाले.

माझा आवाज मलाच मोठा वाटला. शेजारणींचे हात थांबले. मालकांनी वर पाहिलं.

"कॅनॉलच्या पुलाजवळ आपल्या पोरीचं हँडल धरलं यानं. रोज थांबते तिथं. म्हणून ती उतरली न्हाई त्या दिवशी."

"काय बी काय काकू," तो हसत म्हणाला. "म्या तर मदत करून राहिलो होतो." पण हसू त्याच्या तोंडावर टिकेना. मालक उभे राहिले. त्याने गाडी वळवली आणि तो गेला. शेजारणी पुन्हा हळदीकडे बघायला लागल्या. दुपारपर्यंत गावभर काय काय होईल आणि त्यात माझ्याच पोरीचं नाव कसं घेतलं जाईल, ते मला कळत होतं. भीती वाटत होती, फार वाटत होती. तरी बोलले त्याचं वाईट वाटलं नाही.

लेक उंबऱ्यावर येऊन उभी होती. मालक तिच्याकडे वळले. "मला काहून सांगितलं न्हाई?" आवाज चढला होता.

तिने पहिल्यांदाच त्यांच्याकडे सरळ बघितलं. "सांगितलं असतं तर घरी कोण बसलं असतं पप्पा? तो का मी?"

मालकांच्या एका गालाला अजून साबण होता. मग मशीन त्यांनी ओट्यावर ठेवलं, पाना घेतला आणि भिंतीजवळ जाऊन सायकलचं मागचं चाक सोडवायला बसले. नट गंजलेला होता, लवकर निघेना. मी पुढे झाले तर त्यांनी हाताने नको म्हटलं. वाकलेलं चाक निघालं तसं त्यांनी ते मोटरसायकलला मागे बांधलं आणि गाल न धुताच ते कुरुंद्याला निघाले. नवी रिंग बसवून ते परत येईपर्यंत पोरगी उंबऱ्यावरून हलली नाही.