छत्रीची कोप

वेळ अमावास्येला, म्हणजे आमच्या येळवसला, लातूरची बाजारपेठ ओस पडते. सगळं गाव रानात जातं. कडब्याची कोप, म्हणजे खोपटं, उभी करायची, तिच्यात चुन्यानं रंगवलेले पाच दगड पांडव म्हणून मांडायचे, आंबील-भज्जीचा नैवेद्य दाखवायचा आणि मग बांधावरून जो कुणी जाईल त्याला हाळी मारून जेवायला बसवायचं. माझं कापडाचं दुकान. आमच्या घराण्यात गुंठाभर जमीन कधी नव्हती. त्यामुळं आम्ही कायम हाळी ऐकणाऱ्यांतले. सण जवळ आला की पेठेत जो तो विचारतो, "आप्पा, औंदा कुणाच्या रानात?" मी हसून एखाद्या मित्राचं नाव सांगतो. विचारणाऱ्याच्या मनात काही वाईट नसतं, पण तो प्रश्न मला दरवर्षी टोचतो.

बायकोला तर जास्तच टोचत असणार. ती जळकोटकडच्या शेतकऱ्याची लेक. लग्नाआधी आंबिलाचं मडकं डोक्यावर घेऊन रानात जाणारी. एकदाच कधीतरी म्हणाली होती, "एखाद्या वर्षी हाळी आपन द्यावी वाटतं." दुकानदारानं रान कुठून आणावं?

गेल्या हिवाळ्यात आम्ही दोघं शांघायला लेकीकडं गेलो. ती तिथं नोकरीला आहे. तिकिटं मीच काढायला सांगितली, पंचांगात न बघता. पोचल्यावर उंच इमारती बघून झाल्या, नदीकाठी फोटो काढून झाले, आणि एका सकाळी चहा घेता घेता बायको म्हणाली, "आवो, उद्या येळवस हाय."

मला खरं तर बरं वाटलं. चला, औंदा तो प्रश्न टळला! पण तिच्या डोक्यात भलतंच शिजत होतं. दुपारी भाजीबाजारात तिनं एका पोत्यात हात घातला आणि ओरडलीच, "ज्वारी हाय की ही!" लालसर होती, पण ज्वारीच. ती लेकीच्या मिक्सरवर दळली, पीठ ताकात भिजवून रात्रभर ठेवलं. पावट्यासारख्या शेंगा, हिरवे वाटाणे, भुईमूग, बेसन असं जमवून भज्जी केली. लेक म्हणाली, "मम्मी, इथं कोण येणार जेवायला?"

"येळवसला कुनी आलं न्हाई असं कधी झालंय का?" बायको म्हणाली.

येळवसच्या दिवशी लेक कामावर गेली आणि आम्ही डबे आणि सतरंजी उचलून जवळच्या बागेत गेलो. थंडी म्हणजे दात वाजत होते. कडबा कुठला आणायचा? बायकोनं माझी काळी छत्री उघडून गवतावर आडवी ठेवली. कोप झाली. वाटेवरचे पाच गुळगुळीत दगड उचलून आत मांडले आणि माझ्यापुढं हात केला. "द्या ती चुन्याची डबी."

ज्या तंबाखूपायी लग्नापासून बोलणी खातो, तिचाच चुना पांडवांच्या कामी आला. मी ऐटीत डबी काढून दिली.

पूजा झाली, आंबील शिंपडून झालं. ती उभी राहिली आणि वाटेवरच्या माणसांना हाक मारली, "या हो, जेवायला या!" फिरायला आलेली म्हातारी माणसं बघायची, हसायची आणि पुढं जायची. आधी मला लाज वाटत होती. लोक काय म्हणतील? पुढच्या हाकेला तिचा आवाज खाली आला. भज्जी गार होत होती. तिचं तोंड बघवेना, तेव्हा माझी लाज कुठल्या कुठं गेली.

सगळी हयात मी दुकानाच्या उंबऱ्यावरून गिऱ्हाईक बोलावलंय. उठलो, मफलर आवळला आणि पेठेतला आवाज लावला, "या मावशी! या काका! घ्या न घ्या, बसा तर! बसायला काय पैसे पडत्यात?"

चाकाची पिशवी ओढत चाललेली एक म्हातारी थबकली. तिचा नवराही थांबला. मी सतरंजी झटकून त्यांच्यापुढं अंथरली, दुकानात गादी झटकतो तशीच. म्हातारीनं भज्जीचा घास घेतला आणि नवऱ्याला मोठ्यानं काहीतरी सांगितलं. त्यानं आंबिलाचा घोट घेतला, आंबट लागलं तसं तोंड वाकडं केलं, आणि पेला पुन्हा पुढं केला. मग म्हातारीनं पलीकडं गाणं लावून व्यायामाला नाचणाऱ्या बायकांना अशी हाळी दिली की माझा आवाज काहीच नाही. त्या हसत हसत आल्या. एकीनं आपल्या थर्मासमधलं गरम पाणी बायकोला ओतून दिलं. बायको स्वेटरवर पदर खोचून वाढत होती, "घ्या, अजून घ्या, लाजू नका," आणि त्या घेत होत्या. मला तिचा एवढा अभिमान वाटला की ऊर भरून आला. माझा स्वतःचाही वाटला, खोटं कशाला बोलू.

तेवढ्यात लातूरहून मित्राचा फोन आला. दरवर्षी त्याच्याच रानात आमची पानं पडतात. मागं पोरांचा गलका ऐकू येत होता. "आप्पा, तुमची लई आठवन आली. मग, औंदा कुणाच्या रानात?" असं विचारून तो चेष्टेनं हसला.

मी छत्रीकडं बघितलं.

"कुणाच्या न्हाई," मी म्हणालो. "औंदा आमच्याकडं हाय. ठेवतो आता, मानसं जेवायची हायेत."